कलत्या घरातला ओळंबा

मित्रांनो, पितळेचा, साडेतीनशे ग्रॅम वजनाचा, टोकाशी जरा बोथट झालेला मी एक जुना ओळंबा आहे. ज्यांच्या घराजवळ बांधकाम चालू असेल त्यांनी माझे भाऊबंद पाहिले असतील. गवंडी भिंतीच्या माथ्यावरून दोरा सोडतो आणि दोऱ्याच्या टोकाला आम्ही लोंबतो. थोडा वेळ झुलतो, मग थांबतो. थांबलो की दोरा बरोबर सरळ खाली असतो आणि भिंत त्याच्याशी जुळते की नाही ते कळते. आम्हाला एवढेच बोलता येते. पण जे बोलतो त्यावर छप्पन्न वर्षांत कोणी शंका घेतली नव्हती. गेल्या वर्षी मार्च महिन्यात, एका मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बाईने मला चार लोकांत खोटारडा म्हटले. ती माझ्या मालकाची बायको होती. त्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही, म्हणून हे सांगतो आहे.

माझा जन्म १९६८ साली साओ पाउलो शहरातल्या एका लहान कारखान्यात झाला. वितळलेले पितळ साच्यात ओतले, थंड झाल्यावर एका कारागिराने मला लेथवर धरून पोटाला गोलाई आणि खाली टोक दिले. त्या दिवशी आम्ही बारा जण झालो. त्याने प्रत्येकाला दोऱ्याला बांधून फिरवून पाहिले. फिरताना ज्यांचे टोक थरथरले असे दोघे पुन्हा भट्टीत गेले. माझे टोक हलले नाही. त्या माणसाने माझी केलेली ती पहिली आणि शेवटची तपासणी. त्यानंतर तपासणी करण्याचे काम माझ्याकडे आले.

मला विकत घेतले एकोणीस वर्षांच्या अनिबालने. तो उत्तरेकडच्या सेर्जिपे प्रांतातून ट्रकच्या मागच्या बाजूला बसून सांतोस या बंदराच्या शहरात आला होता. थापी, फावडे, घमेले सगळे मुकादमाचे असायचे. मी मात्र त्याच्या स्वतःच्या मालकीचा. तो मला लोकरीच्या एका मोज्यात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवी, म्हणजे टोकाला मार बसू नये. काम संपले की दोरा कोरडा करून गुंडाळी. ओला दोरा ताणला की ढिला पडतो, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

आम्ही दोघांनी पुष्कळ बांधले. एक प्रसूतिगृह, दोन शाळा, डोंगरावरच्या चर्चच्या घंटाघराचा मनोरा, कालव्याकाठची कितीतरी घरे. भिंत केसभर बाहेर गेली तरी अनिबाल ती पाडून पुन्हा बांधायचा. दुसरे गवंडी त्याची चेष्टा करत. नावाआधी 'सेऊ', म्हणजे साहेब, लावून म्हणत, "सेऊ अनिबालच्या भिंतीला पाठ टेकून झोपा, माणूस सरळ होऊन उठतो." हा टोमणा होता, पण त्यात आदरही होता आणि तो आदर अर्धा माझा आहे असे मी समजत असे.

१९७४ साली त्याने झुल्मिराशी लग्न केले. ती गोदी कामगाराची मुलगी, शाळेत स्वयंपाकीण. बोलायला तिखट, हाताला गोड. त्यांना एक मुलगी झाली, लुसिनेया. सात वर्षे ते डोंगरावर एका खोलीत राहिले आणि १९८१ साली त्यांनी समुद्रासमोर, पाचव्या कालव्याजवळ, नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला.

एका गवंड्याला समुद्रासमोरचा फ्लॅट कसा परवडला, असे तुम्ही विचाराल. सांतोसमध्ये हे कोणी विचारत नाही. तिथल्या किनाऱ्यावरच्या जुन्या उंच इमारती वाळूवर उभ्या आहेत आणि वाळूखाली मऊ चिकणमाती आहे. काही इमारती बांधतानाच एका बाजूला बसल्या. शेजारी-शेजारी दोन इमारती एकमेकींच्या कानात कुजबुजत असल्यासारख्या कललेल्या दिसतात. लोक त्यांत राहतात, मुलांची लग्ने करतात, म्हातारे होतात. अशा घरांची किंमत निम्मी असते.

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा मी अनिबालच्या खिशात होतो. विकणाऱ्या दलालाने खिशातून डोकावणारा दोरा पाहिला आणि दारातच त्याला थांबवले.

"मेस्त्री, तेवढं आत नका आणू," तो म्हणाला. "आमची इमारत लाजाळू आहे."

अनिबाल हसला. मला धक्का बसला तो त्याच्या हसण्याचा. झुल्मिरा तोपर्यंत खिडकीशी पोचली होती. खाली वाळू, पलीकडे बंदरात शिरायची वाट पाहत रांगेत उभी असलेली जहाजे. ती मागे न वळता म्हणाली की आता आपण कुठेही जायचे नाही.

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी, ती पाव आणायला खाली गेली तेव्हा, अनिबालने झोपायच्या खोलीत छताजवळ एक खिळा ठोकला आणि मला सोडले. मी झुलून थांबलो. माझा दोरा जमिनीजवळ जिथे आला, तिथून भिंतीची कड दोन बोटे सरकलेली होती. मित्रांनो, दोन बोटे म्हणजे काय हे गवंड्याला विचारा. अशी भिंत मी कधी पाहिली नव्हती. मला वाटले, आता हा हातोडा उचलणार. त्याने पेन्सिल काढली, माझ्या टोकाखाली भिंतीवर एक बारीक रेघ मारली, साल लिहिले, आणि मला मोज्यात घालून टाकले.

झुल्मिराने विचारले, किती कललीय? तो म्हणाला, "दोन बोटं. बांधतानाच कलली, आता थांबलीय."

दोन बोटे ही खरी गोष्ट होती, एका खोलीच्या उंचीपुरती. जमिनीपासून नवव्या मजल्यापर्यंत तीच दोन-दोन बोटे साठत जाऊन दीड वीत होत होती, हे त्याने सांगितले नाही. आणि थांबली आहे की नाही, हे त्याला माहीतच नव्हते.

त्या दिवसापासून माझा मालक बाहेर सरळ आणि घरात तिरपे काम करू लागला. त्याला दोष देऊ नका. कलत्या घरात फळी ओळंब्याने सरळ लावली तर ती डोळ्याला वाकडी दिसते. म्हणून त्याने फळ्या, तसबिरी, पडद्याची दांडी, सगळे भिंतीशी जुळवून लावले. दारे आपोआप उघडत, त्यांना त्याने खुंट्या बसवल्या. शेगडीच्या दोन पायांखाली लाकडाचे तुकडे. तरीही तव्यात तेल एका बाजूला जमे, तेव्हा झुल्मिरा तवा अर्ध्यावर फिरवून घेई. तिचा केक एका बाजूने जाड व्हायचा, आणि ज्याचा वाढदिवस त्याला जाड बाजू, असा त्या घरातला नियमच झाला. काही पडले की ते घरंगळत खिडकीखालच्या कोपऱ्यात जाई. त्या घरात कोणी काही शोधत नसे. सरळ त्या कोपऱ्यात जात.

फक्त एक तक्रार ती रोज करायची. शाळेच्या स्वयंपाकघराची जमीन वाकडी आहे, तिथे उभे राहून पाय दुखतात, कुठल्या आंधळ्या गवंड्याने बांधलीय कोण जाणे. ते स्वयंपाकघर अनिबालनेच बांधले होते, माझ्याच दोऱ्याने. तो कॉफी पीत राही.

दर ऑक्टोबरमध्ये झुल्मिरा चर्चमधल्या बायकांबरोबर दोन दिवस आपारेसिदाच्या यात्रेला जायची. बस सुटली की अनिबाल घरी येऊन कपाट बाजूला सरकवायचा. कपाटाला त्याने चाके लावली होती. झाडायला बरे पडते, असे बायकोला सांगून. मग त्याच खिळ्याला मला टांगायचा, खिडकी बंद करून वारा थांबवायचा आणि वाट बघायचा. मी थांबलो की नवी रेघ. ती जुन्या रेघेच्या पुढे असायची. कधी केसभर, कधी तांदळाच्या दाण्याएवढी. इमारत थांबलेली नव्हती.

दुसऱ्याच वर्षी त्याने रेघांच्या बऱ्याच पुढे एक लाल रेघ मारली आणि तिच्याखाली लिहिले, 'इथपर्यंत'. म्हणजे इथपर्यंत आली की हे घर सोडायचे. मला बरे वाटले. मी मनात म्हटले, माणूस विसरलेला नाही.

१९९३ साली माझे टोक त्या लाल रेघेवर येऊन थांबले. अनिबाल उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. बाहेरच्या खोलीत लुसिनेयाची पुस्तके पडली होती, ती त्या वर्षी नर्सिंगच्या कॉलेजात गेली होती. त्याने लाल पेन्सिल काढली, दोन बोटे पुढे दुसरी लाल रेघ मारली आणि खाली पुन्हा लिहिले, 'इथपर्यंत'.

मी हादरलो. ओळंब्याने हलायचे नसते, पण मी हललो. त्याला वाटले खिडकीतून वारा आला. त्याने उठून कडी पुन्हा लावली.

दुसरी लाल रेघ २००७ मध्ये ओलांडली. तेव्हा झुल्मिराच्या गुडघ्याचे दुखणे सुरू होते. त्याने तिसरी मारली. या वेळी खाली काही लिहिले नाही.

२०१८ च्या जुलैत अनिबाल गेला, रविवारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या-बसल्या. माझे टोक तेव्हा तिसऱ्या लाल रेघेपासून दोन तांदूळ मागे असणार. नक्की सांगता येत नाही, कारण त्या ऑक्टोबरात मोजायला कोणी नव्हते. मी मोज्यातच एका खणात पडून राहिलो. सोबत संपलेल्या बॅटऱ्या आणि कशाच्या ते कोणालाच न आठवणाऱ्या किल्ल्या. तीन वर्षे. वापर नाही याचे दुःख असतेच, पण मला जास्त टोचत होते ते दुसरेच. मी सदतीस वेळा खरे बोललो होतो आणि ते एकाच माणसाने ऐकले होते.

२०२१ मध्ये झुल्मिराने अनिबालचे कपडे आणि ते कपाट चर्चला द्यायचे ठरवले. न्यायला दोन माणसे आली. कपाट सहज सरकले, चाके होती ना. माणसे ते घेऊन लिफ्टकडे गेली आणि ही झाडू घेऊन मागची धूळ काढायला वाकली.

सदतीस रेघा, पहिली ते शेवटची. साल अनिबालच्या अक्षरात. तीन लाल रेघा. दोनदा 'इथपर्यंत'.

ती झाडू हातात धरूनच जमिनीवर बसली. लिफ्टजवळून माणसांनी हाक मारली, झुल्मिराबाई, सही करता का, तर तिला ऐकू गेले नाही. संध्याकाळी लुसिनेया कामावरून परस्पर आली तेव्हाही ती तिथेच होती, आणि तोपर्यंत तिने खण उपसून मला बाहेर काढले होते. मी तिच्या मांडीवर होतो.

"दोन बोटं म्हणाला होता," ती मुलीला म्हणाली. "चाळीस वर्षं मी लोकांना सांगतेय, दोन बोटं, आणि थांबलीय."

लुसिनेयाने वडिलांची बाजू घेतली. पैसे कुठे होते, जाणार कुठे होतो, तुला समुद्र सोडवला असता का, असे ती समजुतीने म्हणत राहिली. झुल्मिराने सगळे ऐकून घेतले.

"मी नसते निघाले, बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पण मला विचारायला हवं होतं ना गं. एकट्याने मोजत बसला. एकट्याने घाबरत बसला."

त्या रात्री ती पलंगावर झोपली नाही. सकाळी तिने मुलीला फोन करून सांगितले की हे घर विकायचे आणि सरळ उभे असलेले घर घ्यायचे.

जुने घर साओ पाउलोच्या एका जोडप्याने घ्यायचे ठरवले. झुल्मिराने त्यांना त्या रेघा स्वतः दाखवल्या. ती दोघे म्हणाली, आम्हाला सुट्टीपुरतेच हवे आहे, आणि समुद्र तर सरळ आहे ना. नव्या घरासाठी तिने मारापे हा भाग निवडला. किनाऱ्यापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी, शाळा, बेकऱ्या आणि फुटबॉलच्या मैदानाच्या मधला शांत भाग. तिथे सहा मजल्यांची इमारत उठणार होती. विक्री कार्यालयातल्या मुलीने तिला गच्चीवरची मांस भाजायची शेगडी, पोहण्याचा तलाव, व्यायामाची खोली अशी चित्रे दाखवली. झुल्मिराने तीनदा एकच विचारले, "आणि खाली काय आहे?" मुलगी गोंधळून आत जाऊन विचारून आली. खाली खडक होता. झुल्मिराने तिथेच, समुद्र न दिसणारा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नक्की केला.

इमारत उठायला अडीच वर्षे लागली. मग ताबा घेण्यापूर्वीची तपासणी ठरली, मार्चमधला तो मंगळवार. जुने घर शनिवारी रिकामे करायचे होते. नव्या घराच्या कागदावर सही झाली तर शुक्रवारी सामान हलवायचे, असे ठरलेले. निघताना झुल्मिराने मला पर्समध्ये टाकले. इतक्या वर्षांनी कामावर निघालो होतो. मला वाटले, आज माझा मान आहे.

दारात बिल्डरचा इंजिनियर एव्हांद्रो उभा होता. तिशीतला, नम्र, हातात यादी. रंगाचा वास येत होता. जमिनीवर पुठ्ठे अंथरलेले. लुसिनेया आत गेली आणि खिडक्या उघडून पाहू लागली. झुल्मिराने उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकले, दुसरे टाकले, आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली.

"ही पण कलतीय," ती म्हणाली.

एव्हांद्रोला वाटले ती थट्टा करते आहे. सांतोसमध्ये नव्या घरात शिरताना पुष्कळ जण हा विनोद करतात. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली की जमीन डावीकडे चढते आहे, भिंत अंगावर येते आहे, कोणालाच कसे दिसत नाही? एव्हांद्रोने लेझरचे यंत्र आणून भिंतीवर लाल रेघ पाडली आणि सगळे बरोबर असल्याचे दाखवले.

"लाल दिवा आमच्या टीव्हीलाही आहे," झुल्मिरा म्हणाली. "म्हणून टीव्ही खरं बोलतो का?"

मग तिने पर्स उघडली. मोजा पाहून एव्हांद्रोचा चेहरा बदलला. त्याचे आजोबाही गवंडी होते, असे त्याने सांगितले, आणि मला हातात घेताना वजन पाहून मान डोलावली. बाल्कनीच्या मोठ्या काचेच्या दाराला वर पडद्यासाठी आकडा होता. रंगाऱ्याच्या शिडीवर चढून त्याने माझा दोरा तिथे बांधला आणि मला सोडले. मी झुललो. थांबलो. माझा दोरा आणि दाराची चौकट यांच्यात वरून खालपर्यंत सारखेच अंतर होते, केसाचाही फरक नाही. मित्रांनो, इतके स्वच्छ काम मी अनिबालच्या हयातीतही मोजक्या वेळा पाहिले होते. मला आनंद झाला.

झुल्मिरा माझ्याकडे बघत होती. तिला चौकट वाकडी दिसत होती. आणि मी चौकटीशी जुळलो होतो, म्हणजे मीही वाकडाच.

"खोटारडा," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षं खरं सांगितलंस. मला पहिल्यांदा विचारायची वेळ आली, तर खोटं?"

मी दोऱ्याला लटकून होतो, मला कुठे जाता येणार? ज्या भिंती माझ्यामुळे पडल्या, ज्या मनोऱ्यांवर माझ्यामुळे घंटा टांगल्या, त्या सगळ्यांपेक्षा त्या एका शब्दाचे ओझे जास्त होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, ती खोटे बोलत नव्हती. तिला खरोखर तसेच दिसत होते.

एव्हांद्रोने समजावले की आज सही झाली नाही तर हरकत नाही, पण पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळेल. लुसिनेया म्हणाली, "आई, शनिवारी ते घर सोडायचंय." झुल्मिरा म्हणाली की ती त्या जोडप्याला कळवून टाकेल, विक्री रद्द. दंड बसेल तो बसेल. तिथे कललेले आहे हे निदान भिंतीवर लिहिलेले तरी आहे. इथे तर सगळे मिळून सांगतात की सरळ आहे.

म्हणजे ती परत जाणार होती. नवव्या मजल्यावर, तिसऱ्या लाल रेघेच्या पलीकडे. आणि तिला परत पाठवणारा मी होतो, कारण माझे तिला पटत नव्हते. अनिबालने दोनदा रेघ पुढे सरकवली तेव्हाही मी इतका हादरलो नव्हतो.

"चल, घे त्याला खाली," असे म्हणत ती स्वतःच मला सोडवायला पुढे आली. भिंतीला हात लावत, पाऊल चाचपत. दाराच्या काचेला बाहेरून कामगारांनी काळे प्लॅस्टिक चिकटवले होते, ओरखडे पडू नयेत म्हणून. त्यामुळे काचेचा आरसा झाला होता. दोऱ्याला हात घालताना तिने समोर पाहिले.

काचेत माझा दोरा होता. त्याच्या बाजूला चौकट होती. मध्ये एक म्हातारी बाई उभी होती, उजवा खांदा खाली, मान डावीकडे, सगळे अंग एका बाजूला झुकलेले, जणू न दिसणाऱ्या भिंतीला टेकली आहे.

तिने हात मागे घेतला. काचेतल्या बाईनेही घेतला. झुल्मिराने मान सरळ केली आणि लगेच घेरी येऊन तिचा तोल गेला. लुसिनेयाने धावत येऊन धरले. एव्हांद्रोने रंगाची बादली पालथी घालून तिला बसायला दिली. ती बसली नाही. पुन्हा काचेसमोर उभी राहिली आणि एकदा दोऱ्याकडे, एकदा स्वतःकडे बघत राहिली.

"लुसिनेया," ती हळू म्हणाली, "मी कधीपासून अशी उभी राहते?"

"मला आठवतं तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बाबाही तसेच उभे राहायचे," लुसिनेया म्हणाली. "माझ्या लग्नाच्या फोटोत बघ, तुम्ही दोघं एकाच बाजूला कललेले आहात. मला वाटायचं, प्रेम आहे."

झुल्मिरा काचेकडेच बघत होती. "ते पण असेल," ती म्हणाली.

तिने एव्हांद्रोकडे दहा मिनिटे मागितली. मग ती माझ्या शेजारच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आधी टाचा टेकवल्या, मग पाठ, मग खांदे. उजवा खांदा टेकेना. तिने डोळे मिटून तो मागे ढकलला. शेवटी डोके टेकले. तिच्या कपाळाला घाम आला होता, ओठ घट्ट मिटले होते. मी तिच्या कानापासून वीतभर अंतरावर लटकत होतो. ती भिंत बांधणारे दुसरेच कोणी होते, पण तिला सरळ उभी राहताना मी पहिल्यांदा पाहत होतो आणि ते पाहून मला लाज वाटली. सरळ असणे इतके दुखते हे मला ठाऊक नव्हते. मला ते कधीच कष्टाने करावे लागले नव्हते. पृथ्वी माझे काम करत होती आणि कौतुक मी घेत होतो.

दहा मिनिटांनी तिने डोळे उघडले. यादीच्या कागदावर सही केली. सहीची ओळ सोडून अक्षरे वर चढत गेली. एव्हांद्रोने ते पाहिले आणि कागद घडी करून ठेवला.

शुक्रवारी सामान आले. पहिले तीन आठवडे तिचे फार हाल झाले. अंथरुणातून उठली की ओकारी यायची. रात्री एका कुशीखाली उशी घेतल्याशिवाय झोप लागत नसे. चमचा पडला की ती आधी खिडकीखालच्या कोपऱ्यात जाई, आणि तो पडल्या जागीच असे. एकदा चिडून ती म्हणाली, या घरात वस्तूंना पायच नाहीत. शेजारच्या बाईने नव्या घरात केक खाल्ला, सगळीकडून सारखा जाड, आणि विचारले की आज कोणाचा वाढदिवस. झुल्मिरा म्हणाली, कोणाचा नाही, म्हणूनच असा झालाय. आता ती हात न टेकता चालते. घाईत असली की खांदा अजून खाली येतो. तो कदाचित कायमचा तसाच राहील.

मला तिने खणात टाकले नाही. बैठकीच्या खोलीत आकड्याला टांगून ठेवले आहे. येणारी-जाणारी मुले मला झोका देतात, ते मला चालते. मी थोडा वेळ झुलतो आणि थांबतो. तिने माझी माफी मागितलेली नाही आणि मीही ती अपेक्षिलेली नाही. चूक माझीही होती. कपाटामागे, कडी लावून, एकाच माणसाच्या कानात सांगितलेले खरे हे अर्धेच खरे असते. बाकीचे अर्धे त्या माणसाला एकट्याला पोखरत राहते.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने अवजार असेल तर त्याला खणात गंजू देऊ नका. दोरा कोरडा ठेवा, टोक आपटू नका. वर्षातून एकदा त्याला बाहेर काढा, घरातल्या सगळ्यांना बोलवा, आणि भर दिवसा भिंतीला लावून बघा. काय दिसते ते मोठ्याने सांगा, लहानांनाही सांगा. फरक दिसला तर रेघ पुढे सरकवू नका. आणि सगळे सरळ असूनही तुम्हाला वाकडे दिसले, तर घाबरू नका, थोडा वेळ भिंतीला पाठ लावून उभे राहा. पहिल्यांदा घेरी येईलच. घेरी आली म्हणून माझा दोरा तोडू नका.